रोजगार संबंध व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का?

दुसरी_पाळी

नमस्कार. एका उत्पादन कंपनीच्या मनुष्यबळ विभागात मी आठ वर्षे काम करते आहे. भरती, प्रशिक्षण, वार्षिक मूल्यमापन आणि हजेरी-पगाराच्या तक्रारी ही माझी रोजची कामे. पुढे शिकावे असे बरेच दिवस मनात आहे. शोध घेताना 'रोजगार संबंध व्यवस्थापन' या नावाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम समोर आले आणि ते मनुष्यबळ व्यवस्थापनाहून नेमके कशात वेगळे आहेत, हे माहितीपत्रके वाचून मला उलगडले नाही. म्हणून येथे विचारते आहे.

हा विषय मनात का रुतला, ते सांगणे आवश्यक आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पहिल्या पाळीची वेळ एक तास अलीकडे आणण्यात आली. आगाऊ सूचना दिली, ती फलकावर लावली, विभागवार बैठका घेतल्या आणि प्रत्येकाची सहीनिशी पोच घेतली. एकानेही लेखी हरकत घेतली नाही. बदल लागू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून उत्पादन घसरू लागले. कोणी गैरहजर नव्हते, कोणी नियम मोडत नव्हते. उलट यंत्र सुरू करण्यापूर्वीची तपासणी पुस्तिकेत लिहिली आहे तशी ओळ न ओळ होऊ लागली, लहानसहान बिघाड चालक स्वतः काढत असत ते आता देखभाल विभागाची वाट पाहत पडून राहू लागले आणि जादा वेळ थांबायला कोणी तयार होईना. व्यवस्थापनाने याला बेशिस्त ठरवले आणि माझ्याकडे नावांची यादी मागितली. मी ती तयार केली. दोघांना ताकीदपत्रे गेली, त्यांपैकी एकाच्या सेवापुस्तकात त्याआधी एकही वाईट शेरा नव्हता. चार महिन्यांनी पाळीची वेळ पुन्हा अर्धा तास उशिरा केली आणि काम पूर्ववत झाले. त्या यादीवर माझी सही आहे, आणि आम्ही सर्व काही नियमाप्रमाणे करूनही हे का घडले, याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. या अभ्यासक्रमात कायदा किती असतो आणि कायद्याची पदवी नसलेल्या व्यक्तीला तो झेपतो का? व्यवस्थापनाच्या बाजूने काम करणाऱ्या माणसाने हा विषय शिकण्यात काही विसंगती आहे का? आणि जेथे कामगार संघटनाच नाही, अशा ठिकाणी या शिक्षणाचा उपयोग काय?

मध्यरेषा

तुम्ही सांगितलेल्या प्रसंगापासूनच सुरुवात करतो, कारण हा विषय मनुष्यबळ व्यवस्थापनाहून कशात वेगळा आहे, या तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे. मी स्वतः अकरा वर्षांच्या नोकरीनंतर हा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यानंतर वेतन करारांच्या वाटाघाटीत व्यवस्थापनाच्या बाजूने बसत आलो आहे.

तुमच्याकडे जे घडले त्याला 'नियमानुसार काम' म्हणतात, आणि ते कामगारांचे जुने हत्यार आहे. ते परिणामकारक ठरते याचे कारण फार मूलभूत आहे. नोकरीचा करार इतर करारांसारखा पूर्ण नसतो. मालक माणसाचा वेळ विकत घेतो. त्या वेळात किती मन लावून, किती कौशल्याने, अडचण आली तर किती स्वतःहून काम होईल, हे कोणत्याही करारात लिहून घेता येत नाही. प्रत्येक कारखाना, प्रत्येक रुग्णालय, प्रत्येक कार्यालय रोज चालते ते या न लिहिलेल्या सहकार्यावर. तुमच्या कामगारांनी ते सहकार्य काढून घेतले आणि करारात लिहिलेले तेवढेच शिल्लक ठेवले. म्हणून नियम एकही मोडला गेला नाही आणि काम मात्र अडले.

मनुष्यबळ व्यवस्थापनाचा प्रश्न साधारणपणे असा असतो की, संस्थेची उद्दिष्टे साध्य करण्यासाठी माणसांची निवड, जडणघडण आणि प्रोत्साहन कसे करावे. रोजगार संबंधांचा प्रश्न त्याच्या एक पायरी मागे जातो: कामाचे नियम कोण ठरवतो, कोणाच्या हितासाठी ठरवतो, आणि ज्यांच्यावर ते लागू होतात त्यांना ते बदलण्याचा मार्ग कोणता? अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन डनलॉप यांनी १९५८ साली मांडलेल्या चौकटीत कामगार, व्यवस्थापन आणि शासन हे तीन घटक तंत्रज्ञान, बाजारपेठ आणि सत्तेची विभागणी यांच्या मर्यादेत राहून नियमांचे एक जाळे विणतात, अशी कल्पना आहे. तिच्यावर टीका पुष्कळ झाली. तरी विषयात प्रवेश करण्यासाठी मला ती अजूनही उपयोगी वाटते.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲलन फॉक्स यांची १९६६ सालची मांडणी तर तुमच्यासाठी मी आधी वाचायला सांगेन. ते म्हणतात की व्यवस्थापक आपल्या संस्थेकडे कोणत्या चष्म्यातून पाहतो, यावर तो संघर्षाला काय नाव देईल हे ठरते. ज्याला संस्था एका कुटुंबासारखी किंवा एका संघासारखी दिसते, ज्यात सर्वांचे हित एकच आहे असे तो मानतो, त्याला विरोध दिसला की तो गैरसमज तरी वाटतो, बेशिस्त तरी वाटते, नाही तर बाहेरच्या कोणाची चिथावणी. ज्याला संस्थेत निरनिराळे हितसंबंध नांदताना दिसतात, त्याला विरोध अपेक्षितच असतो आणि तो कोणत्या वाटेने व्यक्त होईल याची सोय तो आधी करून ठेवतो. तुमच्या व्यवस्थापनाने 'बेशिस्त' हा शब्द वापरला, त्या क्षणी यादी अटळ झाली होती.

आणखी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये १९६५ ते १९६८ या काळात शासनाने नेमलेल्या डोनोव्हन आयोगाने औद्योगिक संबंधांची चौकशी केली आणि तिचा गाभा असा होता की तेथे दोन व्यवस्था एकाच वेळी चालत होत्या: एक कागदावरची, राष्ट्रीय करारांची, दुसरी प्रत्यक्ष कामाच्या जागेवरची, मुकादम आणि कामगार प्रतिनिधी यांच्यातल्या तोंडी समजुतींची आणि रूढ वहिवाटीची. तुम्ही पहिल्या व्यवस्थेत निर्दोष होता. दुसऱ्या व्यवस्थेत पाळीची वेळ ही बहुधा मुलांच्या शाळेशी, प्रवासाशी, घरातल्या आजारी माणसाशी बांधलेली जुनी समजूत होती, आणि ती न विचारता मोडली गेली. पोच म्हणून घेतलेली सही तुम्ही संमती म्हणून वाचली, ही चूक मीही एकदा केली आहे.

माझ्या कामात सर्वाधिक उपयोगी पडलेला धडा मात्र वाटाघाटींच्या अभ्यासातला. रिचर्ड वॉल्टन आणि रॉबर्ट मॅककर्सी यांनी १९६५ मध्ये दाखवले की एका वाटाघाटीत चार प्रक्रिया एकत्र चालतात: उपलब्ध रकमेची वाटणी करणे, दोघांच्याही फायद्याचे उपाय शोधणे, एकमेकांविषयीची वृत्ती घडवणे, आणि आपापल्या गोटातच एकमत घडवून आणणे. ही चौथी प्रक्रिया नवशिक्याला दिसतच नाही. माझ्या पहिल्या कराराच्या वेळी समोरचे प्रतिनिधी बैठकीबाहेर एखादा मुद्दा मान्य करीत आणि पुढच्या बैठकीत सर्वांसमोर त्यालाच कडाडून विरोध करीत. मी त्यांना अप्रामाणिक समजलो आणि तसे बोलूनही दाखवले. तो करार त्यामुळे सात आठवडे लांबला. ते आपल्या सभासदांना हळूहळू एका ठिकाणी आणत होते, आणि त्याच वेळी मी स्वतः आमच्या वित्त विभागाशी अगदी तेच करत होतो, हे मला अभ्यासक्रमात हा भाग वाचताना प्रथम लक्षात आले.

वर्गाबाहेर

मी हा विषय पदव्युत्तर स्तरावर शिकवते, म्हणून अभ्यासक्रमाच्या रचनेविषयी लिहिते. वरील प्रतिसादातील विवेचनाशी मी सहमत आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही.

प्रथम नावाविषयी, कारण गोंधळ तेथूनच सुरू होतो. हा विषय पूर्वी 'औद्योगिक संबंध' या नावाने ओळखला जाई. 'सामूहिक सौदेबाजी', म्हणजे कामगारांनी एकत्रितपणे मालकाशी केलेल्या वाटाघाटी, ही संज्ञा ब्रिटिश समाजसुधारक बिॲट्रिस वेब यांनी १८९१ साली रूढ केली. विद्यापीठातील स्वतंत्र अभ्यासक्रमाची सुरुवात अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे अर्थतज्ज्ञ जॉन कॉमन्स यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये झाल्याचे मानले जाते, आणि कॉर्नेल विद्यापीठात तर १९४५ साली या विषयाची स्वतंत्र शाखाच उभी राहिली. पुढे कारखान्यांपेक्षा सेवाक्षेत्रातील नोकऱ्या वाढल्या, अनेक देशांत संघटनांची सभासदसंख्या घटली आणि 'औद्योगिक' हा शब्द अपुरा वाटू लागला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या विषयाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही कालांतराने आपल्या नावातील तो शब्द बदलून तेथे 'श्रम आणि रोजगार' हे शब्द घेतले. मात्र काही ठिकाणी केवळ नाव बदलले आहे आणि आत मनुष्यबळ व्यवस्थापनाचाच अभ्यासक्रम आहे. त्यामुळे नावावर विसंबू नका, विषयपत्रिका मागवून वाचा.

विषयपत्रिकेत मी काय शोधेन, ते सांगते. सामूहिक सौदेबाजी आणि वाटाघाटी यांवर पूर्ण सत्राचा विषय आहे की 'कर्मचारी कल्याण' या प्रकरणात दोन तासिकांत तो उरकला आहे, हे पाहा. श्रम-अर्थशास्त्र आहे का ते पाहा, कारण वेतन कसे ठरते हे न समजता वेतनाच्या वाटाघाटी समजत नाहीत. निरनिराळ्या देशांचा तुलनात्मक अभ्यास आहे का, तेही पाहा. हा भाग विद्यार्थ्यांना सुरुवातीला दूरचा वाटतो आणि शेवटी तोच सर्वांत जास्त लक्षात राहतो. तुमच्याच प्रसंगाचे उदाहरण घ्या. जर्मनीत ज्या आस्थापनेत निवडून आलेली कर्मचारी परिषद आहे, तेथे रोजच्या कामाची वेळ केव्हा सुरू व्हावी आणि केव्हा संपावी, हा परिषदेच्या सहनिर्णयाचा विषय आहे. म्हणजे तुम्ही सूचना देऊन जो बदल केला, तो तेथे परिषदेच्या संमतीवाचून करता आला नसता, आणि संमती न मिळाल्यास प्रश्न समेट मंडळाकडे गेला असता. त्याच वेळी या परिषदेला संप पुकारण्याचा अधिकार नाही. तो संघटनांकडे आहे. एकाच प्रश्नाकडे दुसऱ्या एका समाजाने इतक्या वेगळ्या रीतीने पाहिले आहे, हे कळले की आपल्याकडची पद्धत म्हणजे निसर्गनियम नव्हे, ती कोणीतरी कधीतरी ठरवलेली आहे, हे मनावर ठसते.

कायद्याविषयी. कायद्याचे विषय असतात, पण वकील घडवणे हा त्यांचा हेतू नसतो. कोणाला कामगार म्हणावे, काढून टाकणे न्याय्य केव्हा ठरते, चौकशीत नैसर्गिक न्यायाची तत्त्वे कशी पाळावीत, सलोखा, मध्यस्थी आणि लवाद यांत फरक काय, एवढे भक्कमपणे समजले पाहिजे. माझ्या वर्गात कायद्याची पदवी नसलेलेच विद्यार्थी जास्त असतात आणि ते मागे पडत नाहीत. मागे पडतात ते संख्याशास्त्रात. संशोधनपद्धतीच्या विषयाची धास्ती वाटत असेल, तर प्रवेशापूर्वीचे दोन-तीन महिने त्यासाठीच ठेवा.

लवादाचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करते. लवाद, म्हणजे ज्याचा निर्णय दोन्ही बाजूंना मान्य करावा लागतो असा त्रयस्थ, दोन्ही बाजूंच्या मागण्यांच्या मधला आकडा देईल असे गृहीत धरले, तर दोघेही आधीच्या चर्चेत तडजोड करण्याऐवजी टोकाला चिकटून बसतात, असा अनुभव आहे. त्यावर उपाय म्हणून १९६०च्या दशकात अशी कल्पना पुढे आली की लवादाने दोन अंतिम प्रस्तावांपैकी एकच जसाच्या तसा निवडावा. मग अवाजवी मागणी करणाऱ्याला हरण्याची भीती राहते. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल खेळाडूंच्या मानधनाचे वाद याच रीतीने सुटतात. नियमाची रचना बदलली की माणसांचे वागणे बदलते, हे शिकवण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही, आणि वर्गात दोन गट करून हा प्रयोग केला की विद्यार्थ्यांना ते तासाभरात पटते.

शेवटी, तुमच्या बैठकांविषयी एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या बैठकांत बदलाचे कारण सांगितले होते का, की केवळ तारीख सांगितली होती? जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. एका ठिकाणी कारणे सविस्तर आणि खेद व्यक्त करून सांगितली, दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात उरकली. दोन्हीकडे कपात सारखीच असूनही मालाच्या चोरीचे प्रमाण दुसऱ्या कारखान्यात बरेच अधिक वाढले. निर्णय काय झाला याइतकेच तो कसा झाला आणि कसा सांगितला गेला, यालाही माणसे न्याय-अन्यायाच्या तराजूत तोलतात.

सहकामगार

मी कामगार संघटनेत पूर्णवेळ काम करतो आणि हीच पदवी नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन घेतली. वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरी एक गोष्ट त्यांत दबून राहिली आहे असे मला वाटते, आणि ती स्पष्टपणे मांडणे माझे कर्तव्य आहे.

'दोन बाजू', 'निरनिराळे हितसंबंध' या शब्दांमुळे तराजूची दोन्ही पारडी सारखी असल्याचा भास होतो. एक कामगार गेला तर कंपनीचा एक कामगार जातो. त्या कामगाराची मात्र उपजीविका जाते. फॉक्स यांनी स्वतः पुढे १९७४ मध्ये आपल्याच आधीच्या मांडणीवर हाच आक्षेप घेतला, हे अभ्यासक्रमात शिकवले जाते का, ते जरूर पाहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४४ सालच्या फिलाडेल्फिया घोषणापत्रातले पहिलेच तत्त्व 'श्रम ही विकाऊ वस्तू नव्हे' असे आहे. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा करार १९४८ चा आणि सामूहिक सौदेबाजीच्या हक्काचा ९८ क्रमांकाचा करार १९४९ चा. हे दोन्ही करार मुळातून वाचले, तर या हक्कांना 'व्यवस्थापनाने दिलेली सवलत' समजण्याची चूक होणार नाही.

संघटना नसलेल्या जागी या शिक्षणाचा उपयोग काय, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्षमन यांनी १९७० मध्ये सांगितले की असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. रिचर्ड फ्रीमन आणि जेम्स मेडॉफ यांनी १९८४ मध्ये ही कल्पना कामगार संघटनांना लावून दाखवले की संघटना असलेल्या ठिकाणी माणसे नोकरी कमी सोडतात, कारण तेथे बोलण्याची वाट उपलब्ध असते. संघटना नाही याचा अर्थ असंतोष नाही असा होत नाही. तो राजीनाम्यांतून, गैरहजेरीतून किंवा तुमच्याकडे निघाला तसा तपासणी पुस्तिकेतून बाहेर पडतो. तुम्ही म्हणता एकानेही लेखी हरकत घेतली नाही. ती घेतली असती तर तिचे पुढे काय झाले असते, कोणी किती दिवसांत उत्तर दिले असते, आणि हरकत घेणाऱ्याला कोणते संरक्षण होते? या प्रश्नांची उत्तरे तुमच्याकडे नसतील, तर कामगारांकडेही नव्हती. म्हणून कागद कोरा राहिला.

आज तर 'कामगार' कोणाला म्हणावे यापासूनच वाद सुरू होतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांच्या खटल्यात करारावर लिहिलेल्या शब्दांपेक्षा प्रत्यक्षातील नियंत्रण पाहिले. भाडे कोण ठरवतो, प्रवासी नाकारल्यास चालकावर काय परिणाम होतो, या गोष्टी तपासून त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजेचा हक्क असलेले कामगार ठरवले. ज्या अभ्यासक्रमात ॲपवर चालणाऱ्या या कामाचा गांभीर्याने विचार नाही, तो अपुरा आहे असे मी म्हणेन.

विसंगतीविषयी विचारलेत. माझ्या वर्गात निम्मे विद्यार्थी मनुष्यबळ विभागांतून आलेले होते. वाटाघाटींच्या सरावात आम्हा संघटनेच्या माणसांना मुद्दाम व्यवस्थापनाची बाजू देत आणि त्यांना आमची. कंपनीचा ताळेबंद मी आयुष्यात प्रथम तेव्हा नीट वाचला, आणि माझ्यासमोर बसलेल्या एका व्यवस्थापिकेने रात्रपाळीच्या भत्त्यासाठी मांडलेला युक्तिवाद मी आजही जसाच्या तसा वापरतो. तुम्ही व्यवस्थापनाच्या बाजूने आहात म्हणून हा विषय तुमचा नाही, असे कृपया मानू नका. तुमच्यासारख्या खुर्चीवर बसलेल्यांनी तो शिकावा, ही आमचीही गरज आहे.

मध्यरेषा

सहकामगार यांचा आक्षेप मला मान्य आहे. सत्तेतील तफावतीचा उल्लेख मी करायला हवा होता. एकाच बाबतीत मतभेद नोंदवतो. ही तफावत सर्वत्र आणि सर्वकाळ सारखी नसते. वस्तू साठवून ठेवता येते की नाही, कौशल्य दुर्मीळ आहे की नाही, यावर ती बदलते. बंदरावरचा किंवा विमानतळावरचा एक लहान गट जे काही तासांत साधू शकतो, ते विखुरलेल्या सफाई कामगारांना महिनोन्महिने साधत नाही. म्हणून तफावत आहे, एवढे म्हणून थांबता येत नाही. ती कोठे, किती आणि कशामुळे, हे प्रत्येक वेळी मोजावे लागते, आणि या विषयातले खरे कौशल्य मला तेथे दिसते.

दुसरी_पाळी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वर्गाबाहेर यांच्या प्रश्नाचे उत्तर देते: बैठकांत आम्ही तारीख आणि नवी वेळ सांगितली होती. कारण वीजपुरवठ्याच्या दराशी संबंधित होते आणि ते सांगण्यासारखे होते, पण 'कामगारांना त्याच्याशी काय करायचे आहे' असे वरून सांगण्यात आले आणि मी ते मान्य केले. हरकत आली असती तर ती कोणाकडे गेली असती, हे मलाही आज सांगता येणार नाही.

प्रवेश घ्यायचा हे आता जवळजवळ ठरले आहे. एक शंका उरते. अंतिम प्रबंधासाठी याच प्रसंगाचा अभ्यास करावा असे वाटते. तो मी आतून पाहिला आहे आणि माणसे ओळखीची आहेत. हे योग्य होईल का?

वर्गाबाहेर

इच्छा समजू शकते, पण जसे तुम्ही म्हणता तसे करू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. तुम्ही ज्या कामगाराची मुलाखत घ्याल, त्याच्या दृष्टीने तुम्ही संशोधक नसून यादी करणाऱ्या विभागातील अधिकारी असाल. तुम्ही संमतिपत्र पुढे कराल आणि तो सही करील, कारण त्याने मागच्या वेळीही केली होती. संशोधनातील संमती म्हणजे नकार देण्याची खरीखुरी मोकळीक, आणि ती देण्याच्या स्थितीत तुम्ही तेथे नाही. शिवाय मुलाखतीत कोणी काही कबूल केले आणि पुढे व्यवस्थापनाने तुमच्याकडे टिपणे मागितली, तर नोकरी आणि वचन यांतील एक तुम्हाला मोडावे लागेल. विद्यापीठाची नैतिकता समिती हेच विचारेल, आणि तिने विचारले नाही तरी तुम्ही स्वतःला विचारावे.

प्रश्न तोच ठेवून जागा बदलता येते. जेथे तुमचा अधिकार चालत नाही अशा दोन आस्थापना शोधा, एक संघटना असलेली आणि एक नसलेली, आणि कामाच्या वेळेतील बदल तेथे कोणत्या मार्गाने ठरला, हरकती कोठे गेल्या, त्यांचे काय झाले, याचा माग काढा. त्या आस्थापनांत जाऊन अभ्यास करण्याची परवानगी मिळायला तुम्हाला वाटते त्याहून दुप्पट वेळ लागेल, म्हणून पहिल्या सत्रातच पत्रव्यवहार सुरू करा. एक आस्थापना ऐनवेळी नकार देईल असे धरून तिसरीही हाताशी ठेवा. कंपन्या नकार देतात तेव्हा न्यायनिवाडे, प्रसिद्ध झालेले करारनामे आणि लवादांचे निर्णय यांवरही उत्तम प्रबंध होतात. माझ्या एका विद्यार्थ्याने केवळ बडतर्फीच्या निवाड्यांवरून चौकशी प्रक्रियेतील चुकांचा अभ्यास केला होता, आणि तो मी वाचलेल्या चांगल्या प्रबंधांपैकी एक आहे.

तुमचा स्वतःचा अनुभव वाया जाणार नाही. प्रवेश अर्जासोबत उद्देशपत्र द्यावे लागते, त्यात 'मला माणसांमध्ये काम करायला आवडते' यासारखी वाक्ये आम्ही शेकडो वाचतो. त्याऐवजी येथे लिहिलेला प्रसंग, कंपनी ओळखू येणार नाही अशा रीतीने आणि त्या यादीसह लिहा, आणि उत्तर सापडले नाही हेही लिहा. त्यासाठी कंपनीचा कोणताही कागद बाहेर काढू नका. तारखा आणि घटनाक्रम आठवतो तसा या आठवड्यातच स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा, कारण पुढच्या दोन वर्षांत इतके काही वाचाल की मुळात काय पाहिले होते आणि नंतर काय समजले, हे वेगळे करणे कठीण होईल.